जुन्या ट्रॅक्टरवर वापरलेली कॅब: आधी चार पाय, मग काचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रॅक्टर उघडा, जुना, साधारण दोन टनांचा आणि अजून रोज कामाला जाणारा. दुसऱ्याच मॉडेलवरून उतरवलेली एक कॅब हाताशी आली आहे, काचा-दारं शाबूत आहेत. ब्रॅकेट वेल्ड करून ती बसेल का, आणि बसवताना काय काय बघायचं?

बसेल. वेल्डिंग मशीन असलं की काहीही कशावरही बसतं, आणि नेमका धोका त्यातच आहे. बसवल्यावर ती कॅब काय म्हणून तिथे असणार, ऊन-पाऊस-धुळीचा आडोसा म्हणून की ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणारी चौकट म्हणून, याचं उत्तर पाना हातात घेण्याआधी द्यावं लागतं. या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींना छत, दारं, वायपर असतो. फरक असतो तो खांबांच्या आत आणि पायांशी, म्हणजे कॅब जिथे ट्रॅक्टरला बोल्टने बसते तिथे.

खऱ्या सुरक्षा कॅबवर एक पट्टी रिव्हेट केलेली असते. बहुतेक वेळा ती दाराच्या खांबावर, मागच्या आडव्या पाइपवर किंवा सीटच्या मागे सापडते. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, कॅबचा क्रमांक, चाचणीचा किंवा मान्यतेचा क्रमांक आणि ती कोणत्या ट्रॅक्टरसाठी आहे त्याची नावं कोरलेली असतात, काहींवर जास्तीत जास्त वजनही असतं. रंगाचे चार थर चढलेले असतील तर पॉलिश पेपरने नाही, थिनरच्या बोळ्याने हळूहळू काढा, नाहीतर अक्षरंच जातील. पट्टीवर तुमच्या ट्रॅक्टरचं मॉडेल असेल तर अर्धी लढाई जिंकलात, कारण त्या कॅबचे मूळ पाय आणि ब्रॅकेट तुमच्याच ॲक्सलसाठी बनले होते. मॉडेल नसेल किंवा पट्टीच नसेल, तर चाचणी झालेली सुरक्षा कॅब म्हणून तिच्याकडे बघणं तिथेच सोडून द्या.

पट्टीला मी इतकं धरून का बसतो, ते सांगतो. ट्रॅक्टर उलटण्याच्या चौकटींची चाचणी ट्रॅक्टरच्या वजनावर ठरते. नेहमीच्या स्थिर चाचणीत चौकट मागून-पुढून आणि बाजूने दाबतात. बाजूच्या दाबात तिने दर किलो वजनामागे 1.75 ज्यूल ऊर्जा पचवायची असते. वरून चिरडण्याच्या चाचणीत दर किलोमागे 20 न्यूटन, म्हणजे जवळजवळ ट्रॅक्टरच्या दुप्पट वजन डोक्यावर ठेवतात. एवढं सोसून वाकली तरी चालकाभोवतीची ठरलेली जागा मोकळी राहिली, तरच ती पास. आता हिशेब करा. कॅब 1500 किलोच्या ट्रॅक्टरसाठी तपासलेली असेल तर तिने वरून सुमारे 3 टन सोसले. तुमचा ट्रॅक्टर पाण्याने भरलेली चाकं आणि वजनं धरून 2400 किलो भरला, तर त्याला 4.8 टन सोसणारी चौकट हवी. पाइप डोळ्यांना जाडजूड दिसतो म्हणून हा फरक भरून निघत नाही.

ही चाचणी चौकट, ब्रॅकेट, बोल्ट आणि ॲक्सल यांची एकत्र होते. नुसती चौकट तपासली जात नाही. म्हणून ब्रॅकेट बदललं की चाचणीचा आधारच गेला. ‘पण मी जाड प्लेट वापरली’ असं मला सांगणारे बरेच भेटतात. प्लेट जाड असते, खरं आहे. पण उलटताना जोर प्लेटच्या मधोमध येत नाही. तो वेल्डच्या कडेला, बोल्टच्या आट्यांवर आणि ॲक्सल हाउसिंगच्या, म्हणजे ॲक्सलभोवतीच्या कवचाच्या, कोपऱ्यावर येतो.

जगात हा विषय सुरू झाला तो असाच जीव गमावून गमावून. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली. ब्रिटनमध्ये नव्या ट्रॅक्टरांना मान्य सुरक्षा कॅब 1970 पासून आली. त्यामुळे त्या सुमारापुढच्या बऱ्याच जुन्या कॅब खरोखर तपासलेल्या असतात, आणि त्याआधीच्या बऱ्याचशा पत्र्याच्या पेट्या असतात. पेटीत बसून ट्रॅक्टर उलटला तर ती पेटी वरून चेपते आणि आतला माणूस अडकतो. उघड्या ट्रॅक्टरवरून उडी मारू असं म्हणणाऱ्यांनाही एक आकडा ऐकवतो. मागच्या बाजूने उलटायला ट्रॅक्टरला सुमारे दीड सेकंद लागतो, आणि त्यातल्या साधारण पाऊण सेकंदानंतर क्लच दाबूनही उपयोग नसतो. कळेपर्यंत वेळ संपलेली असते.

मग बिनपट्टीची कॅब फेकून द्यायची का? नाही. माझ्या हातून झालेल्या कामांत सगळ्यात समाधानाचा मार्ग असा ठरला: तुमच्या मॉडेलसाठी तपासलेली दोन किंवा चार खांबांची चौकट आधी ॲक्सलवर नीट बोल्ट करायची, सीट बेल्ट लावायचा, आणि जुन्या कॅबची दारं, पुढची काच, छत हे आडोसा म्हणून तिच्याभोवती क्लॅम्पने धरायचं. चौकटीला भोक पाडायचं नाही, तिच्यावर वेल्ड करायचं नाही. पत्रा वाऱ्याने हलू नये एवढ्यापुरताच त्याचा चौकटीशी संबंध. काम थोडं वाढतं, दिसायला कॅब जरा ओबडधोबड होते, पण कोण कशासाठी आहे हे स्पष्ट राहतं. आणि हो, बेल्ट चौकट असेल तरच लावायचा. चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर बेल्ट बांधणं म्हणजे स्वतःला लोखंडाला बांधून घेणं.

आता समजा पट्टी जुळली किंवा तुम्ही आडोसा म्हणूनच कॅब बसवणार आहात. पुढचं सगळं दोघांनाही लागू आहे.

खरेदीच्या वेळी काचा बघू नका, पाय बघा. मडगार्ड जिथे खांबाला मिळतं, कॅबच्या जमिनीचा (तळाचा) पत्रा जिथे चौकटीला मिळतो आणि पायांखालच्या, कंपन अडवणाऱ्या रबराच्या बुशा जिथे बसतात, त्या तीन जागी चिखल-शेण-खत वर्षानुवर्षं साठतं. खतामुळे लोखंड फार लवकर खाल्लं जातं. बारीक हातोडीने खालपासून वर टोकत जा. चांगला पाइप वाजतो, खाल्लेला पाइप ‘बद’ म्हणतो. टोच्या घेऊन जोर द्या. घुसला तर तो खांब कागदाचा आहे. चुंबक फिरवा. चुंबक जिथे पकडत नाही तिथे पुट्टी आहे. एकदा एका विकणाऱ्याकडून मी चकाचक हिरवी कॅब उचलली होती. घरी आणून मागचा डावा पाय ग्राइंडरने उघडला, तर आत पुट्टी, त्याखाली जाळी, आणि जाळीखाली काहीच नाही. पाइपच्या आतला गंज तर बाहेरून दिसतच नाही. खालच्या टोकाला पाणी निघायचं भोक असतं. ते बुजलेलं असेल तर आत पाणी उभं राहिलं होतं असं धरून चाला.

कॅब आधी कुठे उलटली होती का, हे कर्णांनी कळतं. पुढच्या चौकटीचे दोन कर्ण टेपने मोजा, मग मागच्या चौकटीचे, मग छताचे. पाच-सहा मिलिमीटरच्या आतला फरक जुन्या कॅबमध्ये मी सोडून देतो. दोन-तीन सेंटिमीटर फरक असेल तर ती एकदा तरी आडवी झाली आहे. वाकलेली सुरक्षा चौकट तापवून सरळ करायची नाही. तिने आपलं काम एकदा केलं, आता ती भंगार.

मापं घेताना सगळ्याचा पाया एकच: मागच्या ॲक्सलची मध्यरेषा. कॅबच्या चारही पायांच्या भोकांचं या रेषेपासूनचं पुढे-मागे अंतर, दोन बाजूंमधलं अंतर आणि उंची लिहून घ्या. मग तुमच्या ट्रॅक्टरवर त्याच रेषेपासून ॲक्सल हाउसिंगवरच्या सपाट तासलेल्या जागा, गिअरबॉक्सच्या बाजूची रिकामी भोकं, गिअर लिव्हर, पीटीओ (अवजाराला फिरती ताकद देणारा मागचा दांडा) लिव्हर, हायड्रॉलिकची लिव्हर, स्टिअरिंगचा वरचा काठ आणि ब्रेक-क्लचचे पेडल. टेपवर भरवसा ठेवून कागदावर जुळवू नका. ओळंबा सोडा, खाली फरशीवर खडूने खुणा करा, दोन्हींचे पुठ्ठ्याचे साचे कापा आणि एकावर एक ठेवून बघा. अर्धा दिवस जातो. पण कॅब चेन पुलीवर लटकलेली असताना ‘अरे, गिअर लिव्हर तर सीटच्या खाली येतो’ हे कळण्यापेक्षा ते बरं.

मॉडेलमॉडेलात गोची कुठे होते, तर बहुधा कॅबच्या जमिनीच्या उंचीत. काही ट्रॅक्टरांवर गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं लागतं, काहींवर सपाट जमीन असते. कॅब जुळवण्यासाठी जमीन वर उचलली की सीट वर जाते, डोकं छताला लागतं आणि पेडल लांब जातात. कॅब वर उचलून बसवली की वजनही वर जातं.

त्या वजनाचा हिशेब करूनच बघू, कारण ‘तीनशे किलोने काय होतं’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. ट्रॅक्टर 2000 किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 75 सेंटिमीटरवर धरा. कॅब 300 किलोची, तिचा गुरुत्वमध्य 170 सेंटिमीटरवर. दोन्ही मिळून 2300 किलोचा गुरुत्वमध्य येतो सुमारे 87 सेंटिमीटरवर. मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर 140 सेंटिमीटर असेल, तर उभ्या ट्रॅक्टरचा बाजूला कलंडण्याचा कोन आधी साधारण 43 अंश होता, तो 39 च्या खाली येतो. चाकं बाहेर सरकवून तेच अंतर 160 केलं की कोन पुन्हा 42 च्या वर जातो. हा कागदावरचा हिशेब आहे. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो, चाक खड्ड्यात जातं, वळताना जोर बाहेर येतो, त्यामुळे शेतात खरा कोन याहून बराच कमी असतो. पण दिशा हीच: कॅब बसवली की शक्य तेवढी चाकं बाहेर घ्या, आणि उताराच्या ज्या कडेने आजवर जात होतात त्या कडेचा नव्याने विचार करा. टायरची हवाही वाढलेल्या वजनानुसार टायरच्या तक्त्यातून बघून भरा. ब्रेक आधीच जेमतेम असतील तर ते कॅबच्या आधी दुरुस्त करा, नंतर मडगार्ड काढायचा कंटाळा येतो.

इथवर तयारी झाली. आता पाय, म्हणजे जिथे घोडं पेंड खातं तो भाग.

जुन्या ट्रॅक्टरची ॲक्सल हाउसिंग बहुधा बिडाची (ओतीव लोखंडाची) असते. बिडाला वेल्ड करायचं नाही, हा नियम मी कधीही मोडत नाही. वेल्ड शेजारचं बीड कडक आणि ठिसूळ होतं, तडा लगेच दिसत नाही आणि महिन्याभराने नांगर लागलेला असताना उघडतो. ब्रॅकेट हाउसिंगच्या तयार भोकांत किंवा हाउसिंगला वरून-खालून पकडणाऱ्या जाड यू बोल्टने आणि प्लेटने धरतात. नवं भोक पाडायची वेळ आलीच तर आत तेल, गिअर आणि बेअरिंग कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय ड्रिल लावू नका. आडोशाच्या कॅबसाठी मडगार्डच्या बोल्टांवर वजन देण्याचा मोह होतो. ते बोल्ट पत्र्यासाठी होते, तीनशे किलोसाठी नाहीत.

बोल्टांची एक खोच आहे. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांवर इंची आटे असतात. पाच अष्टमांश इंचाचा बोल्ट आणि सोळा मिलिमीटरचा बोल्ट जाडीला जवळजवळ सारखेच, पण आट्यांचं अंतर वेगळं: सोळाच्या मिलिमीटर बोल्टचं 2 मिलिमीटर, जाड आट्यांच्या पाच अष्टमांशचं सुमारे 2.3. दोन-तीन फेरे हाताने जातो, मग अडतो. तिथे पाइप लावून पाना फिरवणारा माणूस भोकातले आटे ओरबाडतो आणि बोल्ट घट्ट झाला असं समजतो. हाताने शेवटपर्यंत जात नाही तो बोल्ट त्या भोकाचा नाही. डोक्यावरची खूण बघूनच बोल्ट घ्या: मिलिमीटरमध्ये 8.8 किंवा 10.9 लिहिलेलं, इंचीत तीन रेघा म्हणजे ग्रेड 5 आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड 8. बिनखुणेचे बोल्ट दार-बिजागरीला वापरा. कोरड्या, स्वच्छ आट्यांच्या 8.8 बोल्टला सोळाच्या मापाला साधारण 200 न्यूटन-मीटर आणि विसाच्या मापाला साधारण 400 एवढा टॉर्क (आवळण्याचा पीळ) लागतो. ट्रॅक्टरच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तकाचा धरा.

चौथ्या पायाची गोष्ट मी माझ्या चुकीतून शिकलो. पहिल्या-दुसऱ्या कॅबच्या वेळी तीन पाय छान टेकले होते, चौथ्याखाली बोटभर फट होती. मी बोल्ट घालून ती ओढून बसवली. दारं बरोबर लागली, मालक खूश. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर झाडाखाली नुसता उभा होता आणि मागची कोपऱ्यातली काच आपोआप फुटून तिचे खडीसाखरेएवढे तुकडे सगळीकडे पडले. कोणी दगड मारला म्हणून दोन पोरांना उगाच बोलणीही बसली. दोष माझा होता. पिळलेली चौकट काचेवर सतत जोर देत होती, उन्हाने पत्रा तापून थोडा फुगला आणि काचेने हार मानली.

तेव्हापासून पद्धत अशी: ट्रॅक्टर सपाट फरशीवर, चारही टायरची हवा ठीक. कॅब चार पायांवर ठेवायची, तीन पायांचे बोल्ट हाताने घट्ट, चौथा मोकळा. चौथ्याखालची फट मोजायची आणि तेवढ्याच जाडीची, पायाच्या पूर्ण मापाची लोखंडी प्लेट कापून घालायची. वॉशरची चळत घालायची नाही. ती चेपते, सरकते आणि बोल्ट सैल होतो. मग चारही बोल्ट आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत पूर्ण टॉर्कवर. शेवटी दारं लावून बघायची. दार स्वतःच्या वजनाने लागत असेल, उचलावं लागत नसेल, तर पाय खरे बसले.

रबराच्या बुशा जुन्याच वापरू नका. तेलाने फुगलेलं किंवा उन्हाने भेगाळलेलं रबर कंपन अडवत नाही. बुशच्या वर आणि खाली मोठा, जाड वॉशर मूळ कॅबला असतो, तो भंगारात हरवलेला असतो. त्याचं काम रबर फाटलं तरी कॅब पायावरून सुटू न देण्याचं आहे, म्हणून त्याशिवाय बुश लावायचीच नाही. चारही बुशा एकाच मापाच्या आणि एकाच कडकपणाच्या असाव्यात, जोपर्यंत मूळ बनवणाऱ्याने पुढे-मागे वेगळ्या दिलेल्या नाहीत.

कॅब उचलताना आधी दारं आणि मागची काच काढून ठेवा. वजनही कमी होतं आणि फुटायचंही कमी. चारही वरच्या कोपऱ्यांना पट्टे, आणि पट्टे आत ओढले जाऊ नयेत म्हणून वर आडवा पाइप. एकाच मधल्या हुकाला पट्टे बांधले की छताचा पत्रा आत येतो. लटकलेल्या कॅबखाली हात, पाय, डोकं काहीही नाही. भोक जुळवायला बोट नको, निमुळता रॉड घाला.

विजेत लोक एक गोष्ट हमखास विसरतात. कॅब रबरावर बसली म्हणजे ट्रॅक्टरच्या अंगापासून तुटली. जुन्या गाड्यांत परतीची वीज अंगातूनच जाते. आता ती जाणार कुठून? थ्रॉटलच्या केबलमधून किंवा हायड्रॉलिकच्या पाइपमधून. दिवे मंद पेटतात, वायपर ढिला चालतो, कधी केबल तापून चिकटते, आणि मेकॅनिक बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलत बसतो. कॅबपासून गिअरबॉक्सच्या अंगापर्यंत एक जाड विणलेली अर्थ पट्टी, दोन्ही टोकांचा रंग खरवडून. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रश्न भाराचा. 55 वॅटचे चार हॅलोजन दिवे 12 व्होल्टवर 18 अँपिअर ओढतात. ब्लोअर जोरात लावला की आणखी 10 ते 15, वायपर 4-5. जुन्या डायनॅमोची सगळी ताकदच 11 किंवा 22 अँपिअर असते. रात्री काम केलंत की सकाळी धक्का मारावा लागणार. दिवे एलईडी घ्या, आणि शक्य असेल तर डायनॅमो काढून अल्टरनेटर लावा. पण त्याआधी बॅटरीची कोणती बाजू अंगाला जोडली आहे ते बघा. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांवर धन बाजू अंगाला असते. तसाच अल्टरनेटर जोडला तर त्यातले डायोड पहिल्याच क्षणी जातात. कॅबला बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी रिंग.

आवाजाबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. कॅब बसवली की शांत होईल असं वाटतं. अस्तर नसलेली पत्र्याची कॅब म्हणजे ढोल, आणि तुम्ही ढोलाच्या आत. तीन सिलिंडरचं इंजिन 2000 फेऱ्यांवर सेकंदाला 50 स्फोट करतं. छताचा मोकळा पत्रा त्या तालावर डोलायला लागला की उघडा ट्रॅक्टर परवडला असं होतं. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या सुरक्षा कॅबनी नेमकं हेच केलं होतं, म्हणून 1976 पासून चालकाच्या कानाशी 90 डेसिबलची मर्यादा आली आणि ‘शांत कॅब’ हा प्रकार सुरू झाला. कानाचं गणित कडक आहे: आठ तासांसाठी 85 डेसिबल धरले जातात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 94 वर तासभरच.

उपाय क्रमाने करा. आधी भोकं बुजवा. लिव्हरच्या फटी, वायरींची भोकं, जमिनीच्या पत्र्याचे जोड. क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का भोक उघडं राहिलं तर भिंत कितीही भारी असो, 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. लिव्हरला रबरी बूट चढवा, त्यानेच निम्मा फरक कळतो. मग जमिनीवर जड रबरी मॅट, कारण इंजिन-गिअरबॉक्सचा आवाज आणि उष्णता दोन्ही खालून येतात. मग छताच्या आणि मागच्या पत्र्यावर आतून डांबरी पट्ट्या चिकटवा, म्हणजे पत्रा वाजायचा थांबतो. फोम सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात, आधी सुंदर फोम लावतात आणि मग तक्रार करतात. फोम आग न धरणारा घ्या आणि सायलेन्सरच्या पाइपशी लागणारा भाग मोकळा ठेवा.

धूर आणि तेल या दोन गोष्टी कॅबच्या आत येता कामा नयेत. सायलेन्सरचं तोंड छताच्या वर काढा आणि ब्लोअरची हवा त्याच्यापासून लांबून घ्या. मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट फुकत असेल तर उघड्या ट्रॅक्टरवर कळतही नाही, कॅबमध्ये डोकं दुखतं. हायड्रॉलिकचा वाल्व्ह सीटशेजारी असेल तर त्याचे पाइप बाहेर घ्या किंवा त्यावर मजबूत आवरण चढवा. दीडशे-दोनशे बारवरचं गरम तेल बंद जागेत फुटलं तर पळायला जागा नसते. डिझेल टाकीचं झाकणही कॅबच्या आत येऊ देऊ नका.

फवारणी करत असाल तर एक स्पष्ट सांगतो. जुन्या कॅबचा कागदी फिल्टर धूळ अडवतो, औषधाची वाफ नाही. युरोपीय मानकात कॅबचे चार वर्ग आहेत, आणि धूळ, फवारा, वाफ तिन्ही अडवणारा फक्त चौथा वर्ग असतो. भंगारातून आलेली कॅब त्यात बसत नाही. कॅबमध्ये बसूनही मुखवटा आणि हातमोजे तसेच राहतील, आणि चिखल-औषधाचे बूट आत आणायचे नाहीत.

एसीच्या भानगडीत शक्यतो पडू नका. कॉम्प्रेसरला इंजिनची तीन-चार किलोवॅट ताकद लागते, रेडिएटरपुढे आणखी एक जाळी उभी राहते आणि जुनं इंजिन उन्हाळ्यात आधीच काठावर असतं. छत पांढरं रंगवा, दोन थरांचं करा, मागची काच उघडती ठेवा.

काचांबद्दल: सपाट काचा कोणीही कापून देतो, पण टफन काच एकदा भट्टीतून आली की तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही. माप, भोकं, कडा सगळं आधी पुठ्ठ्यावर काढून द्या. घरच्या खिडकीची साधी काच कॅबला लावू नका, ती फुटली की सुरे होतात. मागची काच आतून, हत्यार न वापरता उघडली पाहिजे. दोन्ही दारं अडकली तर बाहेर पडायचा तोच रस्ता आहे.

त्याच मागच्या काचेसाठी पहिल्या दिवशीची तपासणी करा. शेतात जायच्या आधी, गोठ्यासमोरच, तुमच्याकडचं प्रत्येक अवजार एकेक करून जोडा आणि लिफ्ट हळूहळू अगदी वरपर्यंत घ्या, एक माणूस बाहेरून बघत असताना. नांगराचा वरचा सांगाडा किंवा टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा दांडा) काचेशी भिडते ती शेवटच्या चार बोटांत. माझ्या हातून एक काच अशीच गेली आहे, तीही नवी. मग चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, लोडर असेल तर त्याच्या खांबांचा कॅबच्या पुढच्या पायांशी संबंध बघा, दार पूर्ण उघडून टायरच्या नक्षीला लागत नाही ना ते बघा. शेडच्या दाराची उंची आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा मोजा. उघडा ट्रॅक्टर जिथून जात होता तिथून हा जाईलच असं नाही. अवजार उचललेलं असताना पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी राहिला पाहिजे. स्टिअरिंग हलकं लागलं तर पुढे वजनं लावा.

दहा तास काम झालं की चारही पायांचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने बघा, पन्नास तासांनी पुन्हा, त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसला. बोल्टच्या डोक्यावर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की बोल्ट फिरला, लांबूनही दिसतं. आणि पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जमिनीची रबरी मॅट उचलून बघा. खाली पाणी असेल तर ते कुठून येतं ते शोधा आणि पत्र्याच्या सगळ्यात खालच्या जागी दहा मिलिमीटरची दोन भोकं पाडून त्यांना वाकवता येणाऱ्या चपट्या रबरी नळ्या लावा, म्हणजे पाणी उतरतं आणि धूळ-आवाज वर येत नाही. भोकं पत्र्यालाच पाडायची, चौकटीच्या पाइपला नाही.

ॲक्सलच्या मध्यरेषेपासूनची चार पायांची मापं आणि पट्टीवरचा मजकूर लिहून पाठवलात, तर ब्रॅकेट कसं करायचं ते नेमकं सांगता येईल. त्याशिवाय मी जे सांगेन ते उंटावरून शेळ्या हाकणं होईल.